प्रहस्थाची हाडं का झिजत नाहीत?

आरती कडव ही नागपूरची दिग्दर्शिका. तिचा ‘कार्गो’ २०२० साली नेटफ्लिक्सवर आला. पाहिला नसेल तर बघाच, मग भांडू. ‘पुष्पक ६३४ए’ या यानात प्रहस्थ (विक्रांत मसी) नावाचा राक्षस मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करतो. जखमा भरायच्या, आठवणी पुसायच्या, पाठवून द्यायचं. अगदी तहसील कचेरीसारखं काम. खालून सूचना देणारे साहेब म्हणजे आपले नंदू माधव, आणि ते झकास आहेत.

एकटेपणा या सिनेमाने नेमका पकडलाय. दीर्घ मोहिमांच्या धोक्यांत नासा किरणोत्सर्गाच्या जोडीने एकांतही मोजते. तो मसीच्या चेहऱ्यावर वाचता येतो. सहायक म्हणून युविष्का येते तेव्हा सोबत मिळाल्याचा आनंद सोडाच, तो अवघडतोच.

माझी तक्रार शरीराची आहे. मेलेल्यांची शरीरं इथे दुरुस्त होतात, पण राबणाऱ्याचं काय? कित्येक दशकं वर राहूनही प्रहस्थ घरात फिरावं तसा फिरतो. बजेट कमी होतं, मान्य. राक्षसाला कसली आलीय हाडांची काळजी, असंही तुम्ही म्हणाल. पण ही सोय सिनेमाला महागात पडते.

वजन नसलं की कमरेची, मांडीची हाडं महिन्याला एक टक्का किंवा त्याहून थोडी जास्त घनता गमावतात. अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजतो, काहींची नजर बदलते. म्हणून अंतराळ स्थानकात रोज सुमारे दोन तास व्यायाम असतो. ट्रेडमिलवर पळायचं तर अंगाला पट्टे बांधून, नाहीतर पहिल्याच पावलाला माणूस उडून जाईल. सुनीता विल्यम्स गेल्या खेपेला २८६ दिवस वर होत्या.

आमच्या वाशिमला पोलीस भरतीची पोरं पहाटे १६०० मीटर पळतात. नोकरी लागावी म्हणून शरीर कमवायचं. अंतराळात नोकरीच शरीर खाते आणि उरलेलं राखायला पळावं लागतं. तेही जागच्या जागी, रोज. हे कंटाळवाणं आहे, पण रोजच्या कामाचा कंटाळा हाच तर ‘कार्गो’चा विषय! प्रहस्थ पट्टे आवळून पळताना एकदा जरी दिसला असता, तरी तो किती वर्षं वर आहे हे संवादातून सांगावं लागलं नसतं.

कडवला हे जमलं नसतं असं मुळीच नाही. मल्याळी सिनेमावरून केलेल्या ‘मिसेस’मध्ये तिचा कॅमेरा चिरणाऱ्या, घासणाऱ्या, पुसणाऱ्या हातांवरून हलत नाही. गळक्या सिंकखालचं पाणीसुद्धा ती सोडत नाही. रोजचं काम बाईच्या अंगावर कसं साचत जातं, ते तिथे संवादाशिवाय कळतं. तेच डोळे ‘पुष्पक’वर हवे होते.

२०२५मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर गेले. त्यांच्या प्रयोगांत स्नायूंच्या पेशी होत्या आणि चक्क मेथी-मुगाचे अंकुरही. स्वयंपाकघर आणि अंतराळयान, दोन्ही जिला ठाऊक आहेत अशी दिग्दर्शिका आपल्याकडे आहे. तिने पुन्हा एकदा वर जावं.