अवर्षण आणि कीर्तनातील दृष्टांत : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

पृथ्वीचे तापमान वाढत असता त्याला तोंड देण्याच्या कामी धर्मोपदेशकांचे साहाय्य घ्यावे, हा विचार आता नवा राहिलेला नाही. १९८६ साली इटलीतील असिसी येथे पाच धर्मांच्या प्रतिनिधींनी निसर्गरक्षणाविषयी आपापली निवेदने प्रसिद्ध केली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्र आले व त्याच वर्षी इस्तंबूल येथे मुस्लिम विद्वानांनी हवामानबदलासंबंधी आपली घोषणा केली. या लेखनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि, ते साऱ्या जगाला उद्देशून लिहिलेले आहे. कळंब किंवा परंडा तालुक्यातील एखाद्या गावी सप्ताहाच्या मांडवात बसलेल्या श्रोत्याच्या कानी ते कोणत्या रूपाने पडावे, याचा विचार स्थानिक उपदेशकालाच करावा लागतो. त्याला या कामी 'प्रशिक्षण' द्यावे असे म्हटले जाते, तेव्हा नेमके काय शिकवावयाचे, हा प्रश्न आमच्या मते मुख्यतः साहित्यविचाराचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार प्रामुख्याने वारकरी कीर्तनाच्या अनुषंगाने केला आहे.

प्रथम परिस्थिती ध्यानात घेऊ. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. पावसाळ्यातील पाऊस सरासरीने सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. तोही दर वर्षी पडेल असा भरवसा नाही. १९७२, २०१२ आणि त्यानंतर २०१४ ते २०१६ ही अवर्षणाची वर्षे लोकांच्या स्मरणात आहेत. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. उलटपक्षी, २०२५ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यातील भूम, परंडा या भागांत अतिवृष्टीने शेते खरवडून गेली. हवा तापली म्हणजे तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती वाढते, आणि मग दीर्घ उघडीप व एकाएकी कोसळणारा पाऊस असे दोन्ही प्रकार वाढीस लागतात. भूमीखालचा काळा पाषाण मुरुमात आणि भेगांत जेवढे पाणी धरील तेवढेच. अशा भूमीत पंधराशे ते अडीच हजार मिलिमीटर पाणी मागणारा ऊस विंधनविहिरींच्या बळावर उभा केला जातो. दुष्काळाचे एक कारण आकाशात आहे आणि दुसरे आपल्या शेतात, ही गोष्ट श्रोत्याला सांगावयाची आहे.

कीर्तनकाराच्या शिक्षणाची परंपरा महाराष्ट्रात सुव्यवस्थित आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथील चार वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेले विद्यार्थी गावोगाव निरूपण करतात. या कीर्तनाची घडण पक्की आहे. एक अभंग घ्यावयाचा, त्याच्या चरणांचे क्रमाने विवरण करावयाचे, इतर संतांची प्रमाणे द्यावयाची आणि दृष्टांतांनी अर्थ स्पष्ट करावयाचा. बाहेरून आलेल्या विषयाला या रचनेत एकच दार मोकळे असते, ते दृष्टांताचे. प्रशिक्षण देणाऱ्यांना याची जाणीव नसेल, तर ते कीर्तनकाराच्या हाती आकडे आणि घोषणा देतात, आणि तो बिचारा आरंभी किंवा शेवटी दहा मिनिटे त्या म्हणून दाखवितो. श्रोते तेवढा वेळ तंबाखू मळतात.

दुसरा प्रकार अधिक चिंतेचा आहे. विषय आधी ठरवून मग त्यास अनुकूल अभंग शोधला जातो. झाडांना नातलग मानणारा तुकोबांचा सुप्रसिद्ध अभंग वृक्षारोपणाच्या समारंभात ज्या रीतीने वापरला जातो, ती पाहावी. त्या अभंगाचा गाभा एकांतसुखाचा आहे. माणसांच्या गजबजाटापासून दूर, स्वतःच्या मनाशी चाललेल्या संवादाचा आहे. एक रोप लावून टाळ्या घेणाऱ्या सभेला तो शोभत नाही. त्याचे यथार्थ विवरण केल्यास ज्याला फार थोडे पुरते अशा मनुष्याचे चित्र उभे राहील, आणि ते आजच्या प्रश्नाच्या कितीतरी जवळ जाईल.

दुष्काळाविषयी परंपरेत दृष्टांतांची वाण नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि विठोबाने महाराच्या रूपाने बेदरास जाऊन त्यांचे देणे फेडले, ही कथा आजही डोळ्यांत पाणी आणते. परंतु तिचे स्वरूप नीट पाहिले, तर ती संकट आल्यावर करावयाच्या अन्नदानाची कथा आहे. दुष्काळ कोठून आला, हे ती विचारीत नाही. त्या काळी तो प्रश्न उद्भवण्याचे कारणही नव्हते. १६२९–३० च्या दुष्काळात तुकोबांनी घरातील माणसे गमावली, त्या दुष्काळातही गावकऱ्यांचा हात नव्हता. आजच्या अवर्षणाला केवळ ही कथा लावली, म्हणजे श्रोता टँकरची वाट पाहणारा भाविक होऊन बसतो. गाभाऱ्यात पाणी भरून देव पाण्यात ठेवण्याची चाल आणि निंबाचा पाला बांधून फिरविलेली धोंडी यांतील आर्तता खोटी नाही. पण त्या चालींतही पाणी वरूनच यावयाचे असते.

अधिक उपयुक्त वस्तू आम्हांस अरणच्या सावता माळ्यांपाशी दिसते. अरण सोलापूर जिल्ह्यात असले, तरी धाराशिवच्या शेतकऱ्याला परके नाही. सावतोबांची भक्ती मळ्यातल्या भाजीपाल्यात आणि विहिरीच्या साधनांत वावरते. मोटेची विहीर बैलांच्या दमाने उपसली जाई. बैल थकत, सूर्य मावळे, आणि रात्री झऱ्यांनी विहीर पुन्हा काही भरे. उपशाला एक नैसर्गिक मर्यादा होती. विजेचा पंप थकत नाही. हा फरक कीर्तनकाराने मोट पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या साक्षीने सांगितला, तर भूजलशास्त्राचा पहिला धडा अभंगाची शीव न ओलांडता शिकविला जाईल.

आणि खुद्द जिल्ह्यात, तेरणेच्या काठी, तेर आहे. प्राचीन 'तगर' म्हणून हे गाव इतिहाससंशोधकांना ज्ञात आहे, वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे म्हणून. महिपतींच्या 'भक्तविजया'ने (१७६२) घरोघर पोहोचविलेली कथा सर्वांस ठाऊक आहे : गोरोबा नामात रंगून चिखल तुडवीत असता रांगते मूल पायांखाली आले आणि त्यांना कळले नाही. पुढे पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात तुटलेले हात परत आले, मूलही परत आले. निरूपणकार सामान्यतः देहभान हरपण्याचे माहात्म्य सांगून या प्रसंगावरून पुढे जातात. मूल परत आल्याचा आनंद मोठा असल्यामुळे मधले क्षण झाकले जातात. आमचे म्हणणे असे की, त्या मधल्या क्षणांवर थांबण्याचा अधिकार निरूपणकाराला आहे. आईचा आक्रोश कथेतच आहे. तो कोणी बाहेरून घातलेला नाही. पायांखाली काय तुडविले जात आहे याचे भान नसलेला मनुष्य आज नामात रंगलेला नसून नफ्यात रंगलेला असतो, एवढा भेद स्पष्ट केल्यावर ती कथा या जिल्ह्याच्या भूमीवर आणि उद्याच्या पिढीवर लागू करण्यास कोणती अडचण आहे? भाविकांना हे धाडसाचे वाटेल. परंतु भक्ताचे मूल देवाने परत दिले म्हणून आटलेला पाषाणही परत भरेल, असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'धर्मोपदेशक' म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे गादीवर बसलेले महाराज येतात. तुळजापूरच्या परिसरात देवीचे गोंधळी आणि परडी घेऊन फिरणाऱ्या आराधिनी ज्या घरांत जातात, तेथे महाराजांचे पाऊल क्वचितच पडते. गोंधळाच्या उत्तररंगातील संवादात प्रचलित गोष्टींना जागा असते, एकनाथांच्या भारुडाच्या रचनेत तर ती भरपूर आहे; कीर्तनापेक्षा हे प्रकार नव्या विषयाला अधिक मोकळे आहेत. धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा दर्गा आहे, तेथे सर्व जातिधर्मांचे लोक जातात. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूला पाणी वाया घालवू नये, ही शिकवण इस्लामी परंपरेत आहे. शुक्रवारच्या खुतब्यात खतिबाने ती मशिदीच्या हौदाकडे बोट दाखवून सांगितली, तर वेगळ्या प्रशिक्षणाची आवश्यकता राहणार नाही.

खरी अडचण मात्र ज्ञानाची नाही. सप्ताह कोण घालतो, मांडवाचा आणि पंगतीचा खर्च कोण करतो, कीर्तनकाराची बिदागी कोणाच्या हातून येते? बहुधा गावातील बागायतदाराच्या. त्याच्या मांडवात उभे राहून त्याच्या उसाविषयी आणि सहाव्या विंधनविहिरीविषयी बोलावयाचे आहे. दृष्टांत जितका अचूक तितका यजमान दुखावण्याचा संभव अधिक. प्रशिक्षणाचा कोणताही आराखडा या प्रश्नाला टाळून पुढे गेल्यास त्यातून झाडे लावण्यासंबंधीची, कोणासही न बोचणारी कीर्तनेच निर्माण होतील. प्लास्टिकविरोधी भाषणे आणि पालखीमार्गावरील स्वच्छतेच्या सूचना यांचे स्वागतच आहे. पण त्यांना विरोध करणारा यजमान गावात नसतो, हेही ध्यानात असावे.

गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हा पेच आपल्या रीतीने सोडविला होता. गावात शिरताच ते झाडू हाती घेत, स्वतःसाठी काही मागत नसत, आणि रात्री कर्ज, दारू व देवापुढील पशुहत्या यांविषयी त्याच गावकऱ्यांना प्रश्न विचारीत. उत्तर श्रोत्यांनीच द्यावयाचे असे. ही प्रश्नोत्तरांची पद्धत आज तेर किंवा ढोकीच्या मांडवात आणावयाची, तर कीर्तनकाराने दिवसा गावची विहीर पाहून यावे. आश्विनात पाणी कोठवर होते, चैत्रात कोठे गेले, हे तेथील माणसांकडून ऐकावे, आणि रात्री तेवढेच त्यांना परत विचारावे. चैत्र वद्यात गोरोबांच्या पुण्यतिथीला तेरला दिंड्या येतात, तेव्हा तेथील विहिरींचा तळ बहुधा दिसू लागलेला असतो.