दंतवैद्यकीय नियतकालिकांचा प्रभावांक : गुणवत्तेचे माप की गणिताचे फलित?

प्रस्तावना :

संशोधन-नियतकालिकांची क्रमवारी ठरविण्यासाठी जगभर वापरला जाणारा प्रभावांक, म्हणजेच इम्पॅक्ट फॅक्टर, हा मुळात संशोधकांचे मूल्यमापन करण्यासाठी निर्माण झालेला नव्हता. युजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून संदर्भसूचीची कल्पना मांडली. पुढे साठच्या दशकात या सूचीमध्ये कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्याकरिता प्रभावांक उपयोगात आला. 1975 पासून ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मधून तो प्रसिद्ध होऊ लागला आणि ग्रंथपालांच्या हातातील हे साधन हळूहळू निवड समित्यांच्या टेबलावर येऊन पोहोचले. दंतवैद्यक ही तुलनेने लहान ज्ञानशाखा आहे. लहान शाखेत थोड्याशा बदलानेही आकडे मोठे हेलकावे खातात. त्यामुळे या अंकाचे स्वरूप तपासण्यास ती विशेष सोयीची ठरते.

अंकाचे गणित असे : नियतकालिकाने मागील दोन वर्षांत प्रसिद्ध केलेल्या साहित्याचा चालू वर्षात जितक्या वेळा संदर्भ दिला गेला, ती संख्या अंशस्थानी घ्यावयाची आणि त्या दोन वर्षांतील संशोधनलेख व समीक्षणलेख यांच्या संख्येने तिला भागावयाचे. अंशस्थानी संपादकीये व पत्रे यांना मिळालेले संदर्भही मोजले जातात, छेदस्थानी मात्र ती धरली जात नाहीत. छेदात काय धरावे यावर कशी घासाघीस होते, याविषयी ‘प्लॉस मेडिसिन’ने 2006 मध्ये स्वतःच्याच अनुभवावर आधारित संपादकीय लिहिले होते.

दोन लेखांचे वजन :

‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ओरल सायन्स’ हे चीनमधील सिचुआन विद्यापीठाशी संलग्न असलेले, वर्षाकाठी मोजकेच लेख छापणारे नियतकालिक. 2020 साठी त्याचा प्रभावांक 6.344 होता; 2021 साठी तो 24.897 झाला. एका वर्षात चौपट! या काळात संपादकीय धोरण चौपट कठोर झाले किंवा लेखांचा कस चौपट वाढला, असे म्हणण्यास आधार नाही. घडले ते एवढेच, की 2020 च्या प्रारंभी या नियतकालिकात कोरोना विषाणूविषयी दोन लेख आले. एकात दंतचिकित्सालयातील संसर्गाचे मार्ग व प्रतिबंध यांची चर्चा होती, तर दुसऱ्यात तोंडातील श्लेष्मल त्वचेवरील एसीई-2 ग्राहींची. जगभरचे दवाखाने बंद असताना दंतवैद्यांना हीच माहिती हवी होती आणि दोन्ही लेखांचे संदर्भ अक्षरशः पावसासारखे पडले. हे लेख दोन वर्षांच्या चौकटीत होते तोवर अंक उंच राहिला. 2022 साठी तो 14.9 वर आला, आणि लेख चौकटीबाहेर गेल्यावर, म्हणजे 2023 साठी, 11 च्या आसपास स्थिरावला. ते दोन लेख उपयुक्त होते यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या शेजारी छापलेल्या इतर लेखांचा. त्यांच्या माथ्यावरही तोच अंक लागला.

‘जर्नल ऑफ क्लिनिकल पेरिओडॉन्टॉलॉजी’चे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. हिरड्यांच्या आजारांचे नवे वर्गीकरण ठरविण्यासाठी नोव्हेंबर 2017 मध्ये शिकागो येथे अमेरिकी व युरोपीय संघटनांची परिषद झाली आणि तिचे निष्कर्ष जून 2018 मध्ये या व ‘जर्नल ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी’ या दोन्ही नियतकालिकांत एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यानंतर हिरड्यांवर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला रुग्णांचे निदान कोणत्या वर्गीकरणानुसार केले हे सांगणे भाग पडले. 2018 साठी सुमारे 4.2 असलेला प्रभावांक 2020 साठी 8.7 झाला. त्याच वर्षी आगाऊ ऑनलाइन प्रसिद्ध होणाऱ्या लेखांतील संदर्भ मोजण्यास प्रारंभ झाल्याने इतरही अनेक नियतकालिकांचे अंक फुगले होते, हे येथे विसरून चालणार नाही. तथापि, वर्गीकरणाचा संदर्भ हा बहुधा औपचारिकतेचा संदर्भ असतो. लेखक तो देतो, कारण दिल्यावाचून समीक्षक लेख परत पाठवील.

समीक्षणलेखांचेही असेच आहे. 1993 पासून निघणारे ‘पेरिओडॉन्टॉलॉजी 2000’ एकेका विषयावर निमंत्रित समीक्षणे छापते आणि क्रमवारीत सातत्याने वर राहते. मूळ प्रयोग करणारी व 1919 पासून चालत आलेली ‘जर्नल ऑफ डेंटल रिसर्च’सारखी नियतकालिके आणि हे नियतकालिक एकाच मापाने मोजणे म्हणजे शेतकरी आणि अडत्या यांची तुलना दिवसाच्या उलाढालीवरून करण्यासारखे आहे.

सरासरी हाच येथील मूळ दोष होय. पेर सेग्लेन यांनी 1997 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले, की सर्वाधिक उद्धृत 15 टक्के लेखांकडे एकूण संदर्भांपैकी 50 टक्के संदर्भ जातात. उरलेले लेख नियतकालिकाच्या अंकावर पोसले जातात.

वाचतात पण लिहीत नाहीत :

दंतवैद्यकाचा बहुसंख्य वाचक हा चिकित्सक आहे. दाताच्या मुळाच्या उपचाराविषयी लेख वाचून तो दुसऱ्या दिवशी आपली पद्धत बदलतो. पण तो शोधनिबंध लिहीत नसल्याने या वाचनाची नोंद कोठेच होत नाही. उलट दंतसाहित्यद्रव्ये किंवा मूलपेशी यांवरील लेखांना अभियांत्रिकी व जीवशास्त्रातून संदर्भ मिळतात. परिणामी रुग्णाच्या खुर्चीपासून जितके दूर जावे तितका अंक वाढण्याची शक्यता वाढते.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने याचे बोचरे उदाहरण ओरल सबम्यूकस फायब्रोसिस या व्याधीचे आहे. सुपारीच्या सवयीतून उद्भवणारी, तोंड उघडणे अशक्य करणारी व कर्करोगाकडे झुकणारी ही व्याधी मुख्यतः दक्षिण व आग्नेय आशियात आढळते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये एका भारतीय नियतकालिकात तिचे वर्णन केले आणि आजही या विषयावरील निबंधांत त्या लेखाचा उल्लेख होतो. सत्तर वर्षे टिकलेल्या या लेखाचा आजचा एकही संदर्भ दोन वर्षांच्या चौकटीत मोजला जाणार नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत प्रभावांकानुसार वाढीव गुण ठेवण्यात आले होते : प्रभावांक नसलेल्या समीक्षित नियतकालिकातील लेखास 5, अंक 2 ते 5 असल्यास 20, 5 ते 10 असल्यास 25 आणि 10 च्या वर 30. या तक्त्यात वरील आकडे ठेवून पाहावेत. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ओरल सायन्स’मधील दंतक्षयावरचा एखादा लेख 2020 च्या अंकाने 25 गुणांचा ठरतो, तर 2021 च्या अंकाने 30 गुणांचा, आणि हे वाढीव 5 गुण त्याला विषाणूमुळे मिळतात. विदर्भातील एखाद्या शिक्षकाने सुपारी खाणाऱ्या शाळकरी मुलांच्या तोंडाची तपासणी करून लिहिलेला निबंध प्रभावांक नसलेल्या भारतीय नियतकालिकात आला, तर त्यालाही नेमके 5 गुणच मिळतात.