गाडीबाहेरचा स्टाइनबेक

जॉन स्टाइनबेकचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' 1962 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रकच्या पाठीवर घर बांधून आडवाटांनी हिंडण्याचा छंद ज्यांना जडतो, ती मंडळी हे पुस्तक पोथीसारखे मानतात. मी स्वतः तीन वर्षे सुट्टीचे दिवस खर्चून एका जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकवर असे घर बांधले आणि त्यातून युटा-नेवाडाच्या कच्च्या रस्त्यांवर बराच फिरलो. त्यानंतर हे पुस्तक पुन्हा वाचले तेव्हा ते मला वेगळेच दिसले. स्टाइनबेकच्या त्या प्रसिद्ध गाडीचे गुणगान नेहमी होते. पण या पुस्तकातली उत्तम पाने ती गाडी अपुरी पडते तिथे, किंवा तो तिच्यातून खाली उतरतो तिथे लिहिली गेली आहेत, असे माझे मत आहे.

कथानक थोडक्यात सांगतो. 1960 च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी, आपण ज्या देशाबद्दल लिहितो तो देश आपण कित्येक वर्षांत पाहिलेलाच नाही, ही टोचणी घेऊन स्टाइनबेक निघाला. त्याने कंपनीकडून जीएमसीचा पिकअप ट्रक मागवला आणि त्यावर लहान होडीच्या केबिनसारखी खोली बसवून घेतली. आत पलंग, शेगडी, हीटर, फ्रीज, शौचालय, सगळी सोय. डॉन किहोतेच्या घोड्याचे 'रोसिनान्ते' हे नाव गाडीला दिले, चार्ली नावाचा पूडल कुत्रा शेजारी बसवला आणि लाँग आयलंडवरच्या सॅग हार्बरहून निघून सुमारे दहा हजार मैलांचा फेरा घातला.

सुरुवातीचे सामान भरण्याचे प्रकरण बहारीचे आहे. दोर, पहार, फावडे, हत्यारे, बंदुका, अडीअडचणीचे खाणे आणि वाचायची राहून गेलेली तब्बल दीडशे पौंड पुस्तके! आपण गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरले, हे तो हसत हसत कबूल करतो. भारतातून निघताना लोणच्याची बरणी बॅगेत कोंबणाऱ्या आईला आणि विमानतळावर ती बॅग काट्यावर ठेवताना श्वास रोखणाऱ्या आपल्याला हे प्रकरण समजावून सांगायला नको. कपडे धुण्याची त्याची युक्तीही झकास. झाकणाच्या बादलीत पाणी, साबण आणि कपडे घालून ती लवचिक दोरीने टांगायची, आणि रस्त्याच्या धक्क्यांनी धुणे आपोआप घुसळून निघायचे.

पण त्याचे घर तयार होऊन आले होते. स्वतः बांधणाऱ्याला जो धडा मिळतो तो त्याला मिळाला नाही. ट्रकचा सांगाडा म्हणजे दोन लांब पोलादी तुळया. एक चाक खडकावर चढले आणि दुसरे खड्ड्यात उतरले की हा सांगाडा पिळवटतो, आणि त्याने पिळवटायलाच हवे, नाहीतर चाके जमीन सोडतील. घराची पेटी मात्र ताठ असते. ती दोन्ही तुळयांना घट्ट बोल्ट करून टाकली तर काही दिवसांत तिचे कोपरे फाटतात. म्हणून पेटी एका टोकाला पक्की बांधतात आणि दुसऱ्या टोकाला खिळीवर किंवा स्प्रिंगवर मोकळी सोडतात. पुढचा हिशोब वजनाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीनशे लिटरची टाकी बसवली की तीनशे किलो वाढले. त्यासाठी जाड स्प्रिंगा, मग मोठी चाके, मग जास्त डिझेल, आणि त्या डिझेलचे पुन्हा वजन. सोय वाढत जाते तसा जिथे गाडी जाऊ शकते असा रस्ता कमी होत जातो. आणखीही एक गोष्ट कमी होते: दुसऱ्याचे दार ठोठावण्याची गरज.

आता पुस्तकातल्या तीन जागा पाहा. पहिली मेन राज्यातली. बटाट्याच्या काढणीसाठी कॅनडातून सरहद्द ओलांडून आलेले फ्रेंचभाषक मजूर तळ्याकाठी उतरलेले असतात. स्टाइनबेक चार्लीला दूत म्हणून पुढे पाठवतो आणि मग त्या सगळ्या कुटुंबाला रोसिनान्तेत पाहुणचाराला बोलावतो. संपूर्ण प्रवासात ती गाडी 'घर' होते ती इथे, कारण इथे तिच्यात पाहुणा येतो. दुसरी जागा ओरेगनमधली. पावसाळी रविवार, बोजाने फुटलेला टायर आणि गाडीला पेलतील असे टायर कुठेच नाहीत. दिसायला भीतीदायक असा एक पेट्रोल पंपवाला फोनामागून फोन करून ते मिळवून देतो. गाडी परिपूर्ण असती तर हा माणूस आपल्याला भेटलाच नसता.

तिसरी जागा न्यू ऑर्लीन्स. नोव्हेंबर 1960 मध्ये तिथल्या गोऱ्यांच्या शाळेत रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी दाखल झाली, आणि रोज सकाळी तिला शिव्या द्यायला बायकांचा जमाव जमू लागला. ते पाहायला जाताना स्टाइनबेक गाडी आणि कुत्रा मागे ठेवतो आणि टॅक्सीने जातो. पुस्तकातला सर्वांत जळजळीत, आजही अंगावर येणारा भाग तो हा. चालत्या घराच्या या पुस्तकाचा कळस गाठायला लेखकाला घराबाहेर पडावे लागले. शिवाय कुणाच्याही शेतात परवानगी मागून गाडी लावण्याची त्याची मुभा ही गोऱ्या माणसाची मुभा होती. त्याच काळात काळ्या प्रवाशांना कुठे थांबता येईल हे सांगणारे 'ग्रीन बुक' निघत होते. 1936 मध्ये सुरू झालेली ही मार्गदर्शिका साठच्या दशकातही लागत होती. न्यू ऑर्लीन्सपाशी स्टाइनबेकला हा देश दिसला, पण तोवर प्रवास संपत आला होता.

पुस्तकाच्या खरेपणाबद्दल आता वाद उरलेला नाही. बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने 2010 मध्ये तोच मार्ग धुंडाळला आणि दाखवून दिले की लेखकाने गाडीत थोड्याच रात्री काढल्या. बऱ्याच रात्री हॉटेलांत, मोटेलांत आणि ओळखीच्यांकडे गेल्या. काही संवाद रचलेले असावेत, असेही दिसते. 2012 च्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीच्या प्रस्तावनेत वाचकाला तसे सावध केले गेले. हॉटेलात झोपण्याबद्दल माझी तक्रार नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने गरम पाण्याने आंघोळ करू नये काय? माझी तक्रार वेगळी आहे. पश्चिम किनाऱ्यावर त्याची पत्नी एलेन त्याच्यासोबत होती आणि छापील पुस्तकात तिथे ती दिसत नाही. एकट्या वीराची प्रतिमा टिकावी म्हणून सोबतीचे माणूसच गाळले. पेटी सांगाड्याला फार घट्ट आवळली की फाटते, तसे हे कथन या ठिकाणी फाटले आहे.

याउलट उदाहरण गुंथर होल्टॉर्फ या जर्मन गृहस्थांचे. 1988 साली घेतलेल्या मर्सिडीज 300 जीडी या जीपवजा गाडीत त्यांनी मागे झोपण्यापुरती गादी टाकली, सुटे भाग भरले आणि ते निघाले. गाडीचे नाव ओटो. इंजिन जेमतेम 88 अश्वशक्तीचे, आणि दुरुस्ती स्वतःच्या हाताने. दीड वर्षाचा बेत पाव शतकावर लांबला. प्रवासात त्यांच्यासोबत असलेल्या पत्नी क्रिस्टीन 2010 मध्ये गेल्या. प्रवास 2014 मध्ये थांबला तेव्हा सुमारे नऊ लाख किलोमीटर झाले होते. गाडीत उभे राहायलाही जागा नव्हती. साहजिकच स्वयंपाक बाहेर, बसणे बाहेर, माणसे बाहेर. गाडी लहान असल्यामुळेच जग मोठे झाले, असे मी म्हणेन.

2020 च्या साथीनंतर गाडीत घर बांधण्याची लाट आली, आणि आपल्या मंडळातली काही तरुण मुलेही करवत-ड्रिल घेऊन कामाला लागली. त्यांच्या आराखड्यांत लिथियम बॅटऱ्या, सौर पट्ट्या आणि धुलाई यंत्रदेखील असते. महिनाभर कुणाकडे काही मागावे लागू नये, हे ध्येय. ते पाहून मला आपलीच पिढी आठवते. आपणही या देशात असेच एक स्वयंपूर्ण घर बांधले: आपला किराणा, आपले डॉक्टर, आपला गणपती, आपली शनिवारची मराठी शाळा. त्यात वाईट काही नाही. परक्या थंडीत ती पेटी होती म्हणून आपण तगलो. पण तीस-तीस वर्षे राहून शेजाऱ्याकडे एकदाही वाटीभर साखर मागावी लागली नाही, याचा अभिमान धरावा की खंत करावी, हे ज्याने त्याने ठरवावे.

म्हणून त्या मुलांना मी हे पुस्तक आवर्जून देतो. सोबत सांगतो, की सामानाची यादी गंमत म्हणून वाचा, संवादांवर पूर्ण विश्वास ठेवू नका, आणि न्यू ऑर्लीन्सचे प्रकरण दोनदा वाचा. गाडी बांधताना टाकी थोडी लहान ठेवा. पाणी संपले की कुणाकडे तरी मागायला जावे लागेल. आणि आत निदान एका पाहुण्याला बसता येईल एवढी जागा सोडा.