उजेड दिसला, पण चिकटलं कुठे?

डोंबिवली एमआयडीसीत एखाद्या रंग-रसायनाच्या कारखान्याच्या ईटीपी लॅबमध्ये डोकावलं, तर टेबलावर गडद लाल द्रवाची छोटी बाटली हमखास दिसते. फेरॉइन. सांडपाण्याचा सीओडी काढताना फ्लास्कमध्ये त्याचे दोन-तीन थेंब टाकायचे, ब्युरेट सोडायची आणि निळसर हिरवा रंग एकाएकी तांबूस तपकिरी झाला की नळ बंद. लोखंडाचा एक आयन आणि त्याला धरून बसलेले फिनँथ्रोलीनचे तीन रेणू, एवढाच या कॉम्प्लेक्सचा संसार. त्यातलं लोखंड काढून आवर्त सारणीत त्याच्या थेट खाली बसलेलं रुथेनियम घातलं आणि निळा प्रकाश टाकला, की तेच कॉम्प्लेक्स नारिंगी उजळतं. फेरॉइन शेजारी ढिम्म.

या गावाला रंगाचं अप्रूप नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ताच गुलाबी झाला होता. पण रंग वेगळा, उजेड वेगळा. फेरॉइन प्रकाश गिळतं आणि त्याची निमूटपणे उष्णता करून टाकतं, कारण लोखंडात ऊर्जेला खाली घरंगळायला धातूच्याच पातळ्या हाताशी असतात. रुथेनियममध्ये त्या बऱ्याच वर असतात. म्हणून ऊर्जा मायक्रोसेकंदाच्या आसपास तग धरते आणि उजेड होऊन बाहेर पडते. तेवढ्या वेळात आजूबाजूला पाणी आहे, प्राणवायू आहे की डीएनए, याचा परिणाम त्या उजेडावर होतो. जैविक रेणूंना काय, कुठे, किती घट्ट चिकटतं हे अशा उजेडावरून ओळखायची विद्या गेल्या चाळीसेक वर्षांत फोफावली. माझं मत आधीच सांगून टाकतो: रेणू उदंड झाले, मोजमाप पातळ राहिलं.

या विद्येचं सर्वांत देखणं काम १९९० सालचं. जॅकलिन बार्टन, ज्याँ-पिएर सोव्हाज (पुढे २०१६ चे नोबेलवाले) आणि सहकाऱ्यांनी रुथेनियमला डीपीपीझेड नावाचा लांब, चपटा लिगंड, म्हणजे धातूला धरून बसणारा रेणू, जोडला. पाण्यात हे कॉम्प्लेक्स विझलेलं, कारण लिगंडच्या नायट्रोजनांना पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधाने झोंबतात. डीएनए घातलं की तो चपटा भाग बेस-जोड्यांमध्ये पाचरीसारखा घुसतो, पाणी तिथवर पोचत नाही आणि दिवा लागतो. इतकं स्वच्छ उत्तर रसायनशास्त्रात क्वचित मिळतं. तरीही ही पाचर डीएनएच्या रुंद खोबणीतून शिरते की अरुंद, यावर दोन दशकं वाद चालला. बार्टन रुंद म्हणत होत्या, स्वीडनमधला नॉर्देन यांचा गट अरुंद. २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी, त्यातला एक बार्टन यांचाच, स्फटिक-रचना छापल्या आणि दोन्हींत पाचर अरुंद बाजूने शिरलेली निघाली. उजेड पहिल्या दिवसापासून दिसत होता, पण दिवा कुठे लागलाय ते त्या उजेडावरून ठरलं नाही.

त्याहून बोधक गोष्ट साध्या ट्रिस-फिनँथ्रोलीन रुथेनियमची, म्हणजे आपल्या फेरॉइनच्या सख्ख्या भावंडाची. तेही बेस-जोड्यांमध्ये घुसतं, असा प्रकाशाच्या मोजमापांवरून अर्थ लावला गेला होता. १९९२ मध्ये सत्यनारायण, डाब्रोवियाक आणि चेअर्स यांनी डीएनएचं द्रावण केशनळीतून वाहू दिलं आणि स्निग्धता मोजली. पाचर खरोखर घुसली तर डीएनए लांबतं आणि द्रावण जाडसर होतं. तसं काही झालं नाही. प्रकाशाच्या महागड्या साक्षीवर काचेच्या नळीने मात केली.

बाजारात ही विद्या रुजली ती मात्र वेगळ्या वाटेने. फिनलंडच्या वाल्लाक कंपनीने १९८० च्या दशकात युरोपियमवर आधारलेली चाचणी आणली. रक्तातली इतर चमक नॅनोसेकंदांत विझते, युरोपियमची कितीतरी पटींनी जास्त टिकते. यंत्र चारशे मायक्रोसेकंद नुसतं थांबतं आणि मग मोजतं. नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात टीएसएच हे थायरॉइडशी निगडित संप्रेरक याच पद्धतीने मोजता येतं. रोशच्या इलेक्सिस तंत्रात रुथेनियम विजेच्या धक्क्याने उजळतं, म्हणजे ठाण्यात एखाद्याने थायरॉइडची तपासणी केली आणि लॅबमध्ये ते यंत्र असलं, तर रिपोर्टवरचा आकडा रुथेनियमच्या उजेडातून आलेला असतो. पण दोन्हीकडे ओळखायचं काम प्रतिपिंड करतं. धातू नुसता कंदील. संशोधनपत्रांमधून मात्र एकाच बिचाऱ्या कॉम्प्लेक्सने ओळखायचंही आणि उजळायचंही, अशी अपेक्षा चालूच आहे.

आपल्याकडे पुण्याच्या विद्यापीठात अविनाश कुंभार यांच्या गटाने रुथेनियमच्या पॉलिपिरिडिल कॉम्प्लेक्सवर आणि डीएनएवर सातत्याने काम केलं. पण मासिकांतून वाहणारा मुख्य प्रवाह साच्यातून काढलेल्या मोदकांसारखा आहे. नवा शिफ बेस, त्यात तांबं, निकेल, जस्त, मग काफ-थायमस डीएनए, मग बीएसए हे प्रथिन, शेवटी बंधन-स्थिरांक दहाचा पाचवा घात.

कल्याण परिसरातल्या एका कॉलेजात अशाच प्रबंधाच्या तोंडीला बसलो होतो. मुलाने बीएसएची चमक कॉम्प्लेक्स वाढेल तशी कशी मावळते, याची सरळसोट स्टर्न-व्होल्मर रेषा दाखवली. बीएसएमध्ये दोन ट्रिप्टोफॅन, २८० नॅनोमीटरला उद्दीपन. मी विचारलं, तुझं कॉम्प्लेक्स स्वतः २८० ला किती प्रकाश शोषतं? त्याने पानं चाळली, मग गाइडकडे पाहिलं. आकडा नव्हता. म्हणजे चमक कॉम्प्लेक्स चिकटल्यामुळे मावळली, की वाटेतच त्याने प्रकाश खाल्ल्यामुळे, हे कुणालाच सांगता येईना. चमकेचा आयुष्यकाळही मोजलेला नव्हता. दहा नॅनोसेकंद हा छापील आकडा धरून भागाकार केलेला, आणि उत्तर मोठं आलं म्हणून 'स्थिर शमन', म्हणजे कॉम्प्लेक्स चिकटलंच, असा निष्कर्ष. हे त्या मुलाचं एकट्याचं पाप नव्हे. त्याने संदर्भ म्हणून जोडलेल्या बहुतेक पेपरांत हेच होतं.

नंतर चहा घेऊन त्याने लॅब दाखवली. आयुष्यकाळ मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही सर, नमुने पवईला आयआयटीतल्या सैफ या उपकरण-केंद्राकडे पाठवायचे तर नंबर लागतो, पैसे लागतात, म्हणाला. खरंच होतं ते. बोलता बोलता काचेच्या कपाटाशी थांबलो. खालच्या फळीवर सात-आठ ओस्टवाल्ड व्हिस्कोमीटर उभे होते, तोंडाशी कापसाचे बोळे, दोनांच्या मानेला दोरा बांधलेला.

"हे कशाला वापरता?"

"बीएस्सीला, ग्लिसरीनच्या प्रॅक्टिकलला."

एका अंशाच्या फरकाने पाण्याची स्निग्धता दोनेक टक्के बदलते, तेव्हा पाण्याचा थर्मोस्टॅट नीट हवा, एवढंच मी सांगितलं. तो कोपऱ्यातल्या गंजलेल्या थर्मोस्टॅटकडे बघत राहिला आणि मग त्याने प्लग लावून पाहिला.