रक्तस्राव आणि मृत्यू : एका गृहीतकाची चिकित्सा

अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून आम्लनिर्मिती कमी करणारी औषधे आधीपासूनच देण्याची प्रथा रूढ आहे. रक्तस्राव टळला म्हणजे मृत्यूही टळतो, हे या प्रथेस चिकटलेले गृहीतक तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या गृहीतकास बळ देणारे आकडे डेबोरा कुक व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळतात. २,२५२ रुग्णांपैकी ज्यांना रक्तस्राव झाला त्यांच्यातील ४८.५ टक्के, तर इतरांतील ९.१ टक्के रुग्ण दगावले. ही तफावत डोळ्यांत भरते खरी. परंतु रक्तस्राव झालेले रुग्ण अवघे ३३ होते, आणि त्यांपैकी ३१ जण ४८ तासांहून अधिक काळ कृत्रिम श्वसनावर असलेले किंवा रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेले होते. म्हणजे मुळातच ते अधिक अत्यवस्थ होते. रक्तस्राव हे त्यांच्या मृत्यूचे कारण होते की आजाराच्या तीव्रतेची खूण, हे केवळ निरीक्षणातून ठरविता येत नाही.

त्यासाठी प्रयोगच हवा होता. २०१८ च्या 'एस.यू.पी.-आय.सी.यू.' चाचणीत पॅन्टोप्राझोल व प्लासिबो यांची तुलना झाली. ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ३१.१ व ३०.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. कुक यांच्याच नेतृत्वाखालील २०२४ ची 'रिव्हाइज' चाचणी अधिक बोलकी आहे. कृत्रिम श्वसनावरील ४,८२१ रुग्णांच्या या चाचणीत पॅन्टोप्राझोलमुळे रक्तस्राव ३.५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आला. मृत्यूचे प्रमाण मात्र २९.१ व ३०.९ टक्के राहिले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नाही.

यावरून औषध निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे हा दुसरा उतावळेपणा ठरेल. सुमारे ४० रुग्णांना औषध दिल्यास एकाचा रक्तस्राव टळतो, आणि श्वसनयंत्रावरील रुग्णाच्या बाबतीत हा लाभ स्वतःच पुरेसा आहे. त्यास जीवदानाची जोड देण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो जोखीम नसलेल्यांनाही सरसकट औषध देण्यास. (आपल्याकडे तर पॅन्टोप्राझोल 'गॅसची गोळी' म्हणून घरोघरी पोहोचले आहे.) १९९४ च्या अभ्यासात अशा १,४०५ रुग्णांपैकी दोघांनाच रक्तस्राव झाला होता, आणि त्यांना प्रतिबंधक औषध न देणे सुरक्षित आहे, असे त्या लेखकांनी तेव्हाच नोंदविले होते.