दोष पेटंटचा की संकराचा?

धरणगावच्या शेतकऱ्याला कपाशीचे बियाणे दरवर्षी विकत का घ्यावे लागते? ‘पेटंटमुळे’ हे उत्तर वर्गातही ऐकू येते. आम्हांला ते पटत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे बियाण्यावर पेटंट मिळत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ ने तर घरचे बियाणे राखून पेरण्याचा हक्कच शेतकऱ्याला दिला आहे. मोन्सॅन्टोचे पेटंट होते ते बीटी जनुकक्रमावर. त्यामुळे पाकिटाच्या किमतीत शुल्काची भर पडे, हे खरे. त्याच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडे परत पाठवला. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली, २०२१ मध्ये तडजोड झाली आणि मूळ प्रश्न अनिर्णित राहिला. ही उणीव मोठीच आहे.

तरीही पाकिटे घ्यावीच लागतात, कारण बियाणे संकरित असते. त्या पिकाची सरकी पेरली, तर मेंडेलच्या नियमानुसार पुढच्या पिढीत गुण विखुरतात व पीक एकसारखे येत नाही. सरळ वाणात ही अडचण नसते. तेव्हा चांगले सरळ वाण हाती येईपर्यंत कलम ३९ चा हक्क कपाशीपुरता कागदावरच राहणार. हे समजायला कायद्याइतकेच दहावीचे जीवशास्त्र हवे.