चंदाची सही

फ्रिने ही प्राचीन ग्रीसमधली गणिका. प्रॅक्सिटेलिसच्या अ‍ॅफ्रोडाइटमागे तिचेच रूप, अशी समजूत; १८६१ साली जेरोमने तिला न्यायसभेपुढे उभी रंगविली. नाव गाजत राहिले, तिची स्वतःची ओळ मात्र एकही उरली नाही. औरंगपुऱ्यात बसून हे वाचताना याच शहरात १७६८ साली जन्मलेली चंदाबीबी आठवते. निजामाच्या दरबारातली ही कलावंतीण. ‘माहलका’, म्हणजे चंद्रमुखी, हा किताब दरबाराने दिलेला. गझलेच्या अखेरच्या शेरात कवीने आपले नाव गुंफायचे असते. तिथे ती लिहिते ‘चंदा’. आणि मागणे मांडते ते हजरत अलींपुढे, निजामापुढे नव्हे!

सव्वाशे गझला, प्रत्येकीत पाचच शेर. (आम्हा कादंबरीकारांना हा आटोपशीरपणा कुठला साधायला!) गुल नि साकी तिच्याकडेही आहेत, आणि तिथे ती चारचौघांसारखीच वाटते. त्या शेवटच्या शेरात मात्र आवाज तिचा.

लुत्फुन्निसा ‘इम्तियाज’चा दिवाण १७९७चा, हिचा १७९८चा, पहिली कोण, हा वाद मला कोरडा वाटतो. १७९९ साली आपल्या दिवाणाची प्रत तिने माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती स्वतः ठेवली. लोकांनी आपल्याला नुसते पाहू नये, वाचावे, हे तिला तेव्हाच हवे होते.